थांबण्याचा परवाना

छोट्या गाडीत संसार थाटून महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं फिरणाऱ्या माणसांची जी चित्रं आपल्यापुढे येतात, त्यांत गाडी बहुधा चालत असते. घाटातलं वळण, समुद्राला लागून जाणारा रस्ता, फार तर मागचं दार वर उचलून चहा घेत बसलेलं जोडपं. प्रत्यक्षात घर म्हणून वापरली जाणारी गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभी असते. डिझेलचा खर्च, टायरची झीज आणि माणसाची झोप, तिन्हींचा हिशेब तोच निघतो. चालत्या गाडीला कुठल्याच देशात फारसं कोणी अडवत नाही. नोंदणी, विमा आणि लायसन्स असलं की रस्ता मोकळा. प्रश्न सुरू होतात ते इंजिन बंद केल्यावर. इथे का थांबलात, किती दिवस, पाणी कुठून घेणार, घाण कुठे टाकणार, मूळचे कुठले? कॅम्परव्हॅनमधल्या मोकळ्या जगण्याची किल्ली मला या चौकशीत दिसते. फिरण्याची मुभा जवळपास सगळ्यांना आहे. थांबण्याची मुभा मात्र कोणीतरी द्यावी लागते, आणि ती देताना गाडीपेक्षा गाडीतल्या माणसाकडे जास्त निरखून पाहिलं जातं.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. २०२०च्या जनगणनेत त्याची वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आसपास भरली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट मागवले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची कबर इथे आहे, आणि तिच्यावरच्या दगडी पिरॅमिडच्या टोकाला धातूचा उंट बसवला आहे. गावाला मिरवायला म्हणून एवढंच. पण हिवाळा लागला की उत्तरेकडच्या बर्फातून निघालेल्या गाड्या हजारोंनी येऊन या गावाभोवतीच्या वाळवंटात पसरतात. गाडीत राहणाऱ्यांचे गुरू मानले जाणारे बॉब वेल्स यांनी २०१० पासून भरवलेला मेळावा याच भागात सुरू झाला. या लोकांच्या बोलण्यात स्वावलंबन आणि सरकारपासून सुटका हे शब्द सारखे येतात. त्यांच्या पायाखालची जमीन मात्र सरकारची आहे. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे देशभरात सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. तिच्यावर बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो, मग तळ हलवून काही मैल दूर जावं लागतं. ज्यांना हलायचं नाही त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात याच विभागाने दीर्घ मुक्कामाची क्षेत्रं आखली. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांचा परवाना अनेक वर्षं १८० डॉलरला मिळत आला. क्वार्ट्झसाइटच्या ला पोसा तळावर तेवढ्या पैशांत पाण्याचा नळ, मैला ओतण्याची जागा आणि कचऱ्याचे मोठे डबे मिळतात. महिन्याला पंचवीस-सव्वीस डॉलर पडले. अमेरिकी माणसाच्या एकट्याने जगण्याच्या अभिमानाचं हे तीर्थक्षेत्र सार्वजनिक मालकीवर आणि सरकारी नळावर चालतं, यात मला तरी काही लाजिरवाणं वाटत नाही. फक्त ते कबूल केलेलं बरं.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. आता छपरावर सोलर पॅनल आहे, लिथियमची बॅटरी आहे, गाडीतच फ्रिज आणि संडास आहे, मग कोणाच्या नळाची गरज काय? हा आक्षेप तपासायला गाडीच्या आत शिरावं लागतं. साठ-सत्तर चौरस फुटांच्या या खोलीच्या छपरावरचं दोनशे वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण एक युनिट वीज देतं. छोटा फ्रिज त्यातली निम्मी खातो. दिवे, पंखा, मोबाइल आणि लॅपटॉप उरलेल्यात भागतात. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी दहा मिनिटांत युनिटचा तिसरा हिस्सा गिळते, म्हणून स्वयंपाक बहुतेकांचा गॅसवरच. विजेपुरतं बोलायचं तर दावा बराचसा खरा आहे. पाण्याची गोष्ट वेगळी. टाकी ऐंशी ते शंभर लिटरची. दोघांनी भांडी पुसून धुतली, अंघोळ ओल्या फडक्यावर भागवली तरी चार-पाच दिवसांत ती तळाला जाते. त्याआधी संडास भरतो. कॅसेट म्हणतात त्या प्रकारात सीटखाली सतरा ते वीस लिटरचा बंद डबा असतो. गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं दार उघडून तो ओढून काढायचा, सुटकेससारखा चाकांवर ढकलत मोरीपर्यंत न्यायचा, तोटी फिरवून ओतायचा. ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं, नाही तर आतला ऐवज गचके खात अंगावर उडतो. मग विसळून त्यात निळं औषध घालायचं. हे औषध काही सेप्टिक टँकमधल्या जंतूंना मारक ठरतं, तेव्हा दिसेल त्या संडासात तो डबा रिकामा करूनही चालत नाही. दोघांच्या वापरात हा विधी दर तीन दिवसांनी. कोरडा संडास वापरला तर फेऱ्या कमी होतात, पण बादली शेवटी कुठेतरी रिकामी करावीच लागते. म्हणजे गाडीची स्वयंपूर्णता तीन-चार दिवसांची. त्यानंतर नळ आणि मोरी लागते, आणि ती कोणाच्या तरी मालकीची असते.

नळाइतकीच महत्त्वाची, पण फोटोत न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे पत्ता. बँक, विमा, गाडीची नोंदणी, मतदान, पेन्शन या सगळ्यांना एक ठिकाण लागतं. अमेरिकेत यावर एक अख्खा व्यवसाय उभा आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या एस्केपीज या गाडीवासीयांच्या क्लबचं टपाल केंद्र टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन या लहान गावात आहे, आणि देशभर भटकणारे सभासद कागदोपत्री तिथले रहिवासी असतात. साउथ डकोटा राज्यात टपालपेटी भाड्याने घेतली आणि एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवली की लायसन्स मिळत आलं. तिथे राज्याचा आयकर नाही, त्यामुळे ही सोय चांगलीच लोकप्रिय झाली. २०२३ मध्ये त्या राज्याने मतदारांसाठी मात्र तीस दिवस राहण्याची अट घातली. मेलबॉक्सवाले लोक आपल्या निवडणुका ठरवणार का, असा स्थानिकांचा सवाल होता, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. एवढं खरं की जो कागदावर कुठेतरी थांबलेला आहे, त्यालाच प्रत्यक्षात फिरता येतं.

आता माणसांकडे वळू. जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. क्लोई झाओ यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्या पुस्तकातली माणसं हौसेने फिरणारी नव्हती. २००८च्या मंदीत घर आणि बचत गमावलेले, साठी उलटलेले लोक होते, आणि घरभाडं परवडेना म्हणून गाडीत आले होते. ॲमेझॉनने २००८ पासून अनेक वर्षं अशा गाडीवासीयांना सणांच्या हंगामात गोदामात कामाला घेतलं. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये साखरेचं बीट निघतं. तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या करायला लोक आपापली गाडी घेऊन येतात आणि कंपनी त्यांना गाडी उभी करायला जागा, वीज आणि पाणी देते. साखर, ऑक्टोबर आणि बिऱ्हाडासह येणारा मजूर, हे वाचून मराठी वाचकाला बीडहून निघालेला कोयता आणि कारखान्याच्या शिवारातली कोपी आठवेल. दोन्हींत अंतर मोठं आहे. तिथे मुकादमाची उचल नाही आणि काम सोडलं तर जाता येतं. पण कामाची गरज असेपर्यंत थांबण्याची जागा, आणि काम संपलं की पुढचा रस्ता, हा सौदा दोन्हीकडे सारखाच आहे.

काम नसताना हीच माणसं शहरात थांबली तर काय होतं, हे न्यायालयाच्या कागदांत नीट वाचायला मिळतं. लॉस एंजेलिसने १९८३ मध्ये रस्त्यावरच्या गाडीचा ‘राहण्यासाठी’ वापर करायला बंदी केली. राहणं म्हणजे नेमकं काय, हे नियमात कुठेच नव्हतं. पोलीस कोणाला गाडीत झोपल्याबद्दल धरत, कोणाला गाडीत कपडे आणि खाण्याचे डबे सापडल्याबद्दल. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने हा नियम रद्द केला. न्यायालयाचा आशय असा, की गाडीत खाणारा किंवा स्वतःचं सामान नेणारा शहरातला कोणीही चालक या नियमात सापडेल, आणि तरी तो लावला जातो फक्त बेघरांना. सिॲटलमधला खटला याहून बोलका आहे. तिथे एक कारागीर आपल्या पिकअप ट्रकमध्ये राहत होता, त्याची हत्यारंही त्यातच. ७२ तासांहून जास्त वेळ एकाच जागी गाडी उभी केल्याबद्दल २०१६ मध्ये ती उचलून नेली. छप्पर गेलं, रोजगाराचं साधनही गेलं. गाडी सोडवायला सुमारे ५४७ डॉलर, दरमहा पन्नासच्या हप्त्याने, आणि माणसाची महिन्याची कमाई काहीशे डॉलरची. २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा ट्रक कायद्याच्या अर्थाने त्याचं राहतं घर आहे आणि लादलेला खर्च त्याच्या ऐपतीच्या मानाने राज्यघटनेला न बसणारा दंड आहे. वारा मात्र उलट्या दिशेने वाहतो आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की सार्वजनिक जागी मुक्काम ठोकण्याबद्दल शिक्षा करणारे स्थानिक नियम, माणसाला दुसरं छप्पर नसलं तरी, क्रूर शिक्षेच्या घटनात्मक बंदीत येत नाहीत. ला पोसाच्या वाळवंटात १८० डॉलर भरणारा पाहुणा आणि सिॲटलमधला ट्रकवाला, दोघेही गाडीत झोपतात. फरक त्यांच्याखालच्या जमिनीचा आहे.

रहिवाशांची बाजू मी उडवून लावणार नाही. ज्याच्या दारासमोर आठवडाभर एक व्हॅन उभी आहे, ज्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सकाळी कागद आणि घाण दिसते, आणि जो घरपट्टी भरतो, त्याचा राग समजण्यासारखा आहे. न्यूझीलंडमध्ये हा राग देशव्यापी झाला होता. २०११च्या रग्बी विश्वचषकाआधी तिथे मुक्त कॅम्पिंगचा कायदा झाला. त्याची मांडणी विचार करण्याजोगी आहे: स्थानिक संस्थांच्या जमिनीवर मुक्काम मुळात मान्य, आणि जिथे नको असेल तिथे त्या संस्थेने उपनियम करून तसं सांगायचं. म्हणजे नकाराचं कारण देण्याची जबाबदारी सत्तेवर. घाणीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा २०२३ मध्ये दुरुस्ती करून, अशा जमिनीवर जिथे स्वयंपूर्ण गाडी लागते तिथे गाडीत पक्का बसवलेला संडास हवा, उचलून ठेवायचा पोर्टेबल चालणार नाही, असं ठरलं. त्याच दुरुस्तीत, राहायला योग्य घर नसल्यामुळे गाडीत राहणाऱ्या माणसांना मुक्त कॅम्पिंगच्या व्याख्येतूनच वगळलं. पर्यटकाला लावायचा दंड त्यांना लागू नये म्हणून. तक्रार घाणीची असेल तर घाणीचा बंदोबस्त करा, माणसाच्या असण्याचा नको, हा भेद कायद्यात आणता येतो, हे यावरून दिसतं. संडासाच्या अटीने स्वस्तातल्या जुन्या गाड्या बाद होतात, हे खरंच आहे. पण मैल्याची तक्रार मैल्याच्या उपायाने सोडवली, याचं मला मोल वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हौशी प्रवासी, कंगाल झालेला कामगार आणि पिढीजात भटके यांना एकाच पंक्तीला बसवणं ही बौद्धिक लबाडी आहे, असं म्हटलं जाईल. त्यांची कारणं वेगळी, गरजा वेगळ्या, हे मान्य. पण त्यांना एका पंक्तीला आणतो तो कायदा, आणि वाढताना पंक्तिप्रपंचही तोच करतो. ब्रिटनकडे पाहा. १९६८च्या कायद्याने तिथल्या जिप्सींसाठी कॅराव्हॅन तळ पुरवणं स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं. १९९४च्या कायद्याने ते कर्तव्य काढून टाकलं. मधल्या काळात, १ जून १९८५ रोजी, स्टोनहेंजकडे निघालेल्या नव्या भटक्यांच्या जुन्या बस आणि व्हॅनच्या तांड्याला पोलिसांनी विल्टशरमध्ये अडवलं, काचा फोडल्या आणि पाचशेहून अधिक लोकांना अटक केली. २०२२च्या पोलीस कायद्याने परवानगीशिवाय जमिनीवर गाडीसह राहण्याच्या हेतूने थांबणं, काही अटींवर, फौजदारी गुन्हा केलं: तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि गाडी जप्त. ज्यांची गाडी हेच घर आहे त्यांच्यासाठी शेवटची शिक्षा म्हणजे कुटुंबाला बेघर करणं. पुन्हा त्या जागी येण्यावरची बंदी तीन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचा भाग मानवी हक्कांशी विसंगत असल्याचं २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं. कॅम्पसाइटवर आरक्षण केलेल्या शनिवार-रविवारच्या प्रवाशाला यातलं काही जाणवणारही नाही.

आपल्याकडे हा विषय आला तो पर्यटनाच्या दारातून. केंद्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०१० मधलं. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये आपापली धोरणं आणली, आणि केरळचं पहिलं कॅराव्हॅन पार्क वागमोनला झालं. पुण्याच्या फोर्स कंपनीची ट्रॅव्हलर गाडी आतून बदलून घेण्याचा छोटा धंदाही उभा राहिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत हवे ते फेरफार करता येत नाहीत, हा त्यातला नेहमीचा अडथळा. पण भारतात गाडीत झोपणारी खरी मोठी जमात ट्रकवाल्यांची आहे. त्यांच्या थांबण्याचा प्रश्न धोरणाने नाही, ढाब्याने सोडवला: जेवण घ्या, गाडी उभी करा, हौदावर अंघोळ करा, खाटेवर आडवे व्हा. व्यवस्था उत्तम आणि स्वस्त, फक्त पुरुषांपुरती; बाईने त्या हौदावर कुठे जायचं, याचा विचार तिथे कोणी केलेला नसतो. याहून जुनी तोड धनगरांची. पावसाळा सरला की माणदेशाकडून, पारनेर-शिरूरकडून घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढपाळांचे वाडे निघतात आणि वाटेतल्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात. लेंडीखत शेताला मिळतं म्हणून शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देत आला. फिरस्ता हा गावावर भार असतो, या समजुतीला इतकं रोकडं उत्तर दुसरं सापडायचं नाही. बारमाही पाण्याने आणि लागोपाठच्या पिकांनी रान मोकळं राहीनासं झालं, तसा हा सौदा आक्रसत चालला आहे.

या सौद्याबाहेर राहिले ते भटके-विमुक्त. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यातल्या अनेकांचं फिरणं हाच गुन्ह्याचा पुरावा मानला. हजेरी, पास आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. सोलापूरच्या वसाहतीची आठवण त्या भागात अजून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांची कायद्याने सुटका झाली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० मध्ये बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारं कैकाडी कुटुंब मराठी साहित्यात आणलं, ते त्या सुटकेला जवळपास तीस वर्षं होत आल्यावर. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिले. २०२२ मध्ये केंद्राने या समाजांसाठी पाच वर्षांची, दोनशे कोटींची योजना आणली आणि तिच्यात घरकुलाला अर्थसाहाय्याचीही तरतूद आहे. घरकुल हवंच, आणि बहुतेकांची मागणीही तीच आहे. पण सरकार जे पदरात घालतं ते एक तर पर्यटकाच्या चार रात्रींसाठी आहे किंवा भटक्याच्या कायमच्या वस्तीसाठी. महिनाभर थांबून पुढे जाणाऱ्या घिसाड्याच्या पालाला, मेंढपाळाला किंवा उद्या खरोखर गाडीत राहू पाहणाऱ्या निवृत्त जोडप्याला या दोन टोकांच्या मधली जागा नाही. आपल्याकडे माणशी जमीनच कुठे आहे, अमेरिकेसारखं वाळवंट कुठून आणायचं, हा आक्षेप इथे हमखास येतो. वाळवंट लागत नाही. एसटी स्टँडच्या मागे किंवा बाजारतळाच्या कडेला दहा गाड्यांची फरशी, एक नळ, भुयारी गटाराला जोडलेली एक मोरी, एक दिवा आणि मुक्कामाची मुदत सांगणारी पाटी एवढं पुरतं. बाजारतळ तसाही आठवड्यातले सहा दिवस ओस असतो. आणि अशी जागा नसली की काय होतं, ते गोव्याने पाहिलं आहे. बसमधून येऊन किनाऱ्यालगत चुली मांडणाऱ्या पर्यटकांना कंटाळून २०१९ मध्ये तिथे पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याला एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपयांचा दंड आला. स्वस्तात थांबून शिजवायची सोय कुठे असावी, याचं उत्तर दंडाच्या पावतीवर नसतं.

पत्त्याचा गुंता याहून सोपा नाही. बेघर माणसाचं नाव मतदार यादीत घेण्यासाठी निवडणूक आयोगाने घालून दिलेली पद्धत अशी आहे की त्याने झोपण्याची जागा म्हणून जे ठिकाण सांगितलं असेल तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन, तेही एकाहून अधिक रात्री, तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहायचं. पुलाखाली रोज झोपणाऱ्याला यातून मतदार होता येतं, आणि ही तरतूद करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. ज्याचा मुक्काम दर पंधरवड्याला एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात सरकतो, त्याच्यासाठी कुठल्या गावच्या अधिकाऱ्याने कुठल्या रात्री बाहेर पडायचं, हे ठरवायला ती पद्धत कामाची नाही.